राखीव खेळाडूचे नेतृत्व



क्रिकेटवर जीव ओवाळून टाकणाऱ्या आपल्या देशात ‘बारावा खेळाडू’ हा शब्द बहुधा थट्टेने उच्चारला जातो. पाणी नेणारा, हातमोजे बदलून देणारा, कोणाला दुखापत झाली तरच मैदानात उतरणारा, असे त्याचे चित्र आपल्या मनात असते. प्रत्येक संस्थेत आणि प्रत्येक कार्यात अशी माणसे असतात. व्यासपीठावर त्यांची खुर्ची नसते, वृत्तान्तात त्यांचे नाव नसते. अशा माणसाने बाजूला बसून काय काय पाहिलेले असते आणि जबाबदारी आल्यावर तो काय उभे करू शकतो, याचे एक विलक्षण उदाहरण अमेरिकेच्या बास्केटबॉल क्षेत्रात आहे. त्या उदाहरणाचे नाव स्टीव्ह कर.

बास्केटबॉल हा खेळ १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षकाने शोधून काढला. एका बाजूने पाच खेळाडू मैदानात, बाकीचे बाकावर, आणि जमिनीपासून दहा फूट उंचीवर लोखंडी कडे. नियम इतके सुटसुटीत असले तरी उंच आणि धिप्पाड देहाच्या माणसांचेच येथे राज्य चालते. एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धेत कर १५ हंगाम खेळले. एकूण ९१० सामन्यांत ते मैदानात उतरले. परंतु सामना सुरू होताना पहिल्या पाचांत उभे राहण्याचा मान त्यांना अवघ्या ३० वेळा मिळाला. दर सामन्यामागे त्यांची सरासरी सहा गुणांची. तरीही खेळाडू म्हणून पाच आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून चार अशी नऊ विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत. बाकावरच्या माणसाच्या वाट्याला हे यश कसे आले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

विद्याव्रती घराणे

करांचे मूळ समजून घेण्यासाठी अमेरिकेहून थेट लेबनॉनमध्ये जावे लागते. पहिल्या महायुद्धाच्या काळात तुर्कस्तानातील आर्मेनियन समाजावर जो संहार ओढवला, त्यातून वाचलेल्या अनाथ बालकांच्या सेवेसाठी स्टॅन्ली कर नावाचा एक तरुण अमेरिकन तेथे गेला. पुढे त्यांनी बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे अध्यापन दीर्घकाळ केले. १८६६ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ म्हणजे पश्चिम आशियातील विद्येचे एक मोठे पीठच होय. स्टॅन्ली यांचे पुत्र माल्कम हे बैरूतमध्येच जन्मले, अरब राजकारणाचे मान्यवर अभ्यासक झाले आणि लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक झाले. माल्कम यांचा मुलगा स्टीव्ह. त्याचाही जन्म बैरूतचाच, २७ सप्टेंबर १९६५ चा. त्याचे बालपण कैरो, बैरूत आणि लॉस एंजेलिस अशा तीन शहरांत विभागले गेले.

मुलगा खेळवेडा आणि अतिशय तापट होता. एखादा फटका चुकला की मैदानातच आकांडतांडव करी. वडील सामना पाहायला येत, पण बाहेरून ओरडत नसत आणि तिथल्या तिथे रागावतही नसत. मुलाचा राग निवळला की मग ते शांतपणे त्याच्याशी बोलत. या पितृशिक्षणाची आठवण कर यांनी पुढे मुलाखतींतून वारंवार सांगितली आहे. संस्कार म्हणतात तो असा, आवाज न करता होत असतो.

लेबनॉनमध्ये १९७५ पासून यादवी युद्ध पेटले होते. १९८२ साली विद्यापीठाच्या हंगामी अध्यक्षांचे अपहरण झाले. अशा वेळी माल्कम कर यांनी विद्यापीठाचे अध्यक्षपद स्वीकारले. धोका त्यांना ठाऊक नव्हता असे नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये बैरूतमधील अमेरिकी नौसैनिकांच्या तळावर स्फोटकांनी भरलेला ट्रक आदळवण्यात आला आणि २४१ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. तरीही माल्कम आपल्या विद्यापीठात राहिले. वडिलांनी ज्या संस्थेला आयुष्य दिले, ती संकटात असताना पाठ फिरवायची नाही, एवढे त्यांच्यापुरते स्पष्ट होते.

१८ जानेवारी १९८४ रोजी आपल्या कचेरीबाहेरच दोघा मारेकऱ्यांनी त्यांच्या डोक्यात गोळ्या घातल्या. ‘इस्लामिक जिहाद’ या नावाने दूरध्वनी करून हत्येची जबाबदारी घेण्यात आली. माल्कम यांचे वय होते ५२. ज्या समाजाची भाषा, इतिहास आणि व्यथा समजून घेण्यात त्यांनी आयुष्य वेचले, त्याच भूमीवर दहशतवादाने त्यांचा बळी घेतला.

दुःखाला उत्तर

त्या वेळी स्टीव्ह १८ वर्षांचा होता आणि अ‍ॅरिझोना विद्यापीठात पहिल्या वर्षाला शिकत होता. तो तिथे पोहोचला तोही जवळजवळ योगायोगानेच. चणीने लहान, पायाने मंद, अशा मुलाला कोणतेही मोठे विद्यापीठ खेळाडू म्हणून घ्यायला तयार नव्हते. आदल्या हंगामात अ‍ॅरिझोनाच्या संघाने २८ पैकी फक्त ४ सामने जिंकले होते. नवे प्रशिक्षक ल्यूट ओल्सन संघ नव्याने बांधत होते आणि त्यांच्याकडे एक शिष्यवृत्ती शिल्लक होती. ती या मुलाला मिळाली.

मध्यरात्री वसतिगृहातला दूरध्वनी वाजला आणि वडील गेल्याची वार्ता आली. दोनच दिवसांनी शेजारच्या अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाशी सामना होता. स्टीव्हने खेळायचे ठरवले. सामन्यापूर्वी मौन पाळण्यात आले तेव्हा त्याला अश्रू आवरता आले नाहीत. नंतर तो बदली खेळाडू म्हणून मैदानात आला, पहिलाच चेंडू त्याने कड्यातून पार केला, १२ गुण मिळवले आणि संघ जिंकला. पोरके झालेल्या त्या मुलाला त्या रात्री संघ हेच घर होते.

कसोटी एवढ्यावर संपली नाही. चार वर्षांनंतर, १९८८ च्या फेब्रुवारीत, त्याच प्रतिस्पर्धी विद्यापीठाच्या मैदानावर काही प्रेक्षकांनी त्याच्या वडिलांच्या हत्येवरून हीन घोषणा दिल्या. सरावाच्या वेळी कानांवर पडलेले ते शब्द ऐकून स्टीव्ह थरथरत बाकावर बसला. सामना सुरू झाल्यावर मात्र पूर्वार्धात तीन गुणांच्या रेषेबाहेरून त्याने टाकलेले सहाच्या सहा चेंडू कड्यातून गेले. प्रेक्षकांकडे वळून त्याने एकही शब्द उच्चारला नाही. पुढे त्या विद्यापीठाच्या क्रीडाप्रमुखांनी त्याची लेखी क्षमा मागितली.

कुटुंबाने काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. त्यांनी न्यायाचा मार्ग धरला. अमेरिकेत १९९६ साली झालेल्या दहशतवादविरोधी कायद्याच्या आधारे कुटुंबाने इराणविरुद्ध दावा लावला आणि २००३ साली संघीय न्यायालयाने त्या हत्येबद्दल इराणला उत्तरदायी ठरवले. स्टीव्हच्या मातोश्री अ‍ॅन कर यांनी पतीच्या स्मृती ग्रंथरूपाने मांडल्या आणि त्या विद्येच्या क्षेत्रातच कार्यरत राहिल्या. अपराध्याला अपराधी म्हणायचे, त्याच्यासाठी न्याय मागायचा, परंतु द्वेषाला घरात जागा द्यायची नाही, ही रीत या कुटुंबाने कसोशीने पाळली.

तीन गुणांची साधना

मधल्या काळात आणखी एक आघात झाला होता. १९८६ साली स्पेनमध्ये झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत स्टीव्ह अमेरिकेकडून खेळला. संघाने सुवर्ण जिंकले. पण उपान्त्य सामन्यात त्याच्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले. पुन्हा खेळता येईल की नाही, अशी शंका व्यक्त झाली. संपूर्ण १९८६-८७ चा हंगाम बुडाला. नेमक्या त्याच हंगामात अमेरिकी महाविद्यालयीन स्पर्धेत तीन गुणांची रेषा लागू झाली होती. दूरवरून टाकलेल्या चेंडूला दोनऐवजी तीन गुण, हा तो नियम. स्टीव्ह परतला तो याच विद्येत पारंगत होऊन. १९८७-८८ मध्ये त्याने दूरवरून टाकलेल्या १९९ चेंडूंपैकी ११४ कड्यातून गेले, म्हणजे शंभरात ५७ हून अधिक. अ‍ॅरिझोनाचा संघ प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत पोहोचला. तिथे मात्र स्टीव्हचे १३ पैकी केवळ २ प्रयत्न यशस्वी झाले आणि संघ हरला. कीर्तीच्या शिखरावर असतानाच अपयशाची चव त्याने चाखली.

व्यावसायिक संघ दरवर्षी नवे खेळाडू क्रमाने निवडून घेतात. १९८८ च्या निवडीत कर यांचा क्रमांक होता ५०. फिनिक्स, क्लीव्हलँड, ऑर्लँडो अशी त्यांची रवानगी होत राहिली. १९९३ साली शिकागो बुल्स संघाने त्यांना घेतले, तेव्हा ते २८ वर्षांचे होते आणि संघात टिकू की नाही याचीही शाश्वती नव्हती.

शिकागोत मायकेल जॉर्डन होते. जगातला सर्वश्रेष्ठ खेळाडू आणि तितकाच कठोर सहकारी. १९९५ च्या शरद ऋतूत सरावाच्या वेळी जॉर्डन यांनी डिवचले, तेव्हा किरकोळ बांध्याचे कर मागे हटले नाहीत. शब्दाने शब्द वाढला आणि जॉर्डन यांचा ठोसा करांच्या डोळ्यावर बसला. त्याच दिवशी जॉर्डन यांनी दूरध्वनी करून क्षमा मागितली. कर यांनी ते प्रकरण तिथेच मिटवले आणि त्यानंतर दोघांतला विश्वास वाढत गेला. जॉर्डन यांचे वडीलही १९९३ साली मारेकऱ्यांच्या हातून गेले होते. एकाच संघात वावरलेल्या या दोन पुत्रांनी त्या दुःखाविषयी आपसात कधी संभाषण केले नाही, असे कर यांनी नंतर सांगितले आहे. त्या १९९५-९६ च्या हंगामात शिकागोने ८२ पैकी ७२ सामने जिंकले. तोपर्यंतचा तो उच्चांक होता.

१३ जून १९९७ चा प्रसंग बास्केटबॉलप्रेमी विसरणार नाहीत. यूटा संघाविरुद्ध अंतिम मालिकेचा सहावा सामना, दोन्ही संघ ८६-८६ असे बरोबरीत. विश्रांतिकाळात जॉर्डन यांनी कर यांना सांगितले की, प्रतिस्पर्धी आपल्याला घेरायला धावतील, तेव्हा तू सज्ज राहा. घडलेही तसेच. दोघांनी घेरलेल्या जॉर्डन यांनी चेंडू करांकडे दिला आणि शेवटची पाच सेकंदे उरली असताना करांनी तो कड्यातून टाकला. शिकागोला विजेतेपद मिळाले. काही दिवसांनी लाखोंच्या विजयसभेत कर यांनी या घटनेचे अगदी गंभीर चेहऱ्याने वर्णन केले: अशा दडपणाच्या प्रसंगी जॉर्डन यांना जरा अवघडल्यासारखे होते, म्हणून त्यांना आपणच पुन्हा एकदा वाचवावे लागले! सारी सभा हसण्यात बुडून गेली आणि जॉर्डनही हसले. स्वतःची जागा नेमकी ओळखणाऱ्यालाच असा विनोद शोभतो.

१९९९ साली सॅन अँटोनियो स्पर्स संघाबरोबर कर यांनी लागोपाठ चौथे विजेतेपद मिळवले. २००३ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्याच संघात ते जवळजवळ कायम बाकावर असत. डॅलसविरुद्धच्या निर्णायक टप्प्यात संघ मागे पडला असताना त्यांना उठवण्यात आले. आठवडेच्या आठवडे बसून काढलेल्या त्या माणसाने तीन गुणांचे चार चेंडू टाकले आणि चारही कड्यातून गेले. पुढे संघ विजेता झाला आणि कर निवृत्त झाले. दूरवरून टाकलेल्या चेंडूंच्या यशाचे त्यांचे कारकिर्दीतील प्रमाण ४५.४ टक्के आहे. एनबीएच्या इतिहासात ते सर्वोच्च ठरले. मधले तीन हंगाम ती रेषा थोडी जवळ आणलेली होती, हे खरे. परंतु हा नियम तेव्हा सर्वांनाच सारखा होता. वर्षानुवर्षे, कोणी पाहत नसताना, रोज शेकडो वेळा तोच एक चेंडू टाकण्याची साधना त्या आकड्यामागे उभी आहे.

प्रशिक्षकपदाची धुरा

बाकावर बसणे हे बघण्याचे एक स्थान असते. कर यांना गुरूही तसेच लाभले. महाविद्यालयात ल्यूट ओल्सन, क्लीव्हलँडमध्ये लेनी विल्कन्स, शिकागोत ध्यानधारणेला सरावात स्थान देणारे फिल जॅक्सन आणि सॅन अँटोनियोत शिस्त व जिव्हाळा यांचा मेळ घालणारे ग्रेग पोपोविच. निवृत्तीनंतर कर यांनी दूरचित्रवाणीवर समालोचन केले. २००७ ते २०१० या काळात ते फिनिक्स संघाचे महाव्यवस्थापक होते. तेथे शकील ओनील यांच्यासारखा दिग्गज खेळाडू त्यांनी आणला, पण अपेक्षित यश आले नाही. मोठी नावे एकत्र आणली म्हणजे संघ होत नाही, हा धडा त्यांना तेथे मिळाला.

मे २०१४ मध्ये त्यांनी गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाचे मुख्य प्रशिक्षकपद स्वीकारले. तत्पूर्वी त्यांनी एकाही सामन्यात प्रशिक्षण केलेले नव्हते. संघ दुबळा नव्हता. आदल्या हंगामात त्याने ५१ सामने जिंकले होते. परंतु एकमेकांना चेंडू देण्याच्या बाबतीत तो साऱ्या स्पर्धेत तळाला होता. एकाने चेंडू घ्यायचा, खेळवायचा आणि बाकीच्या चौघांनी बघत उभे राहायचे, अशी त्याची रीत. कर यांनी सामन्यागणिक ३०० वेळा चेंडू हस्तांतरित व्हावा, असे उद्दिष्ट ठेवले. आनंद, सजगता, करुणा आणि स्पर्धावृत्ती ही चार मूल्ये त्यांनी संघापुढे मांडली. त्यांत आनंदाचा आग्रह धरला, हे विशेष.

खरी परीक्षा पुढे होती. आंद्रे इग्वोडाला हे नामांकित खेळाडू. आपल्या कारकिर्दीतील ७५८ सामन्यांत ते पहिल्या पाचांत उभे राहिले होते. एकाही सामन्यात बाकावरून सुरुवात नाही. कर यांनी त्यांना विनंती केली की, संघाच्या हितासाठी आपण राखीव खेळाडूंचे नेतृत्व करावे. मान्यवराला अशी विनंती करणे किती अवघड, हे कोणत्याही संघटनेत काम केलेल्याला सांगायला नको. बहुधा दोन गोष्टी घडतात: माणूस दुखावतो किंवा विनंती करणाराच माघार घेतो. इथे विनंती करणारा मनुष्य ८८० सामने बाकावरून उठून खेळला होता. त्याच्या तोंडी ‘बाकाची सेवाही सेवाच’ हे शब्द पोकळ वाटले नसते. इग्वोडाला यांनी मान तुकवली.

तो हंगाम ६७ विजय आणि १५ पराभव असा संपला. क्लीव्हलँडविरुद्धच्या अंतिम मालिकेत संघ १-२ असा मागे पडला. तेव्हा निक यूरेन नावाच्या २८ वर्षांच्या साहाय्यकाने सुचवले की, उंच मध्यरक्षकाला बसवून इग्वोडाला यांना पहिल्या पाचांत घ्यावे. कर यांनी ते ऐकले. संघाने पुढचे तिन्ही सामने जिंकले, ४० वर्षांनी विजेतेपद परत आले आणि मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू ठरले तेच इग्वोडाला. विजयानंतर ही कल्पना कोणाची, हे कर यांनी पत्रकारांसमोर नाव घेऊन सांगितले. हाताखालच्या तरुणाचे श्रेय उघडपणे त्याच्या पदरात टाकणारा नेता विरळा.

उणे-अधिक

अशा चरित्रात केवळ जयजयकार असतो तर त्याचे मोल कमी झाले असते. विजयानंतर लगेच कर यांच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. ती बिघडली, मज्जारज्जूभोवतीचा द्रव पाझरू लागला आणि असह्य डोकेदुखी मागे लागली. त्यांच्या अनुपस्थितीत साहाय्यक ल्यूक वॉल्टन यांनी ४३ पैकी ३९ सामने जिंकून दिले. नेता नसताना कार्य ढासळले नाही, हीच नेत्याच्या बांधणीची पावती होय. तो संघ १९९६ चा शिकागोचा उच्चांक मोडून ७३ विजयांपर्यंत पोहोचला. दोन्ही उच्चांकांत कर होते, एकदा खेळाडू म्हणून, एकदा प्रशिक्षक म्हणून. आणि तरी त्याच वर्षी अंतिम मालिकेत ३-१ अशी आघाडी असताना विजेतेपद हातचे गेले.

२०१७ आणि २०१८ ही वर्षे पुन्हा विजयाची. १२ फेब्रुवारी २०१८ रोजी, संघात मरगळ आली आहे असे जाणवल्यावर कर यांनी फिनिक्सविरुद्धच्या सामन्यात प्रशिक्षणाची फळी खेळाडूंच्याच हाती दिली. विश्रांतिकाळात इग्वोडाला, ड्रेमंड ग्रीन यांसारख्यांनी डाव आखले आणि संघ १२९-८३ असा जिंकला. प्रतिस्पर्ध्याचा अवमान झाला, अशी टीका झाली. परंतु हा संघ खेळाडूंचा आहे, प्रशिक्षकाचा नव्हे, ही त्यामागची भूमिका होती.

मग उतार आला. दुखापतींनी ग्रासलेल्या संघाने २०१९-२० मध्ये ६५ पैकी केवळ १५ सामने जिंकले आणि तो साऱ्या स्पर्धेत शेवटचा ठरला. पाच वर्षे सलग अंतिम फेरी गाठलेल्या प्रशिक्षकाने तो हंगामही नवोदितांना शिकवण्यात घालवला. २०२२ साली बॉस्टनला हरवून हाच संघ पुन्हा विजेता झाला.

त्यानंतरच्या शरदात इतिहासाने जणू उलटा आरसा दाखवला. सरावात ड्रेमंड ग्रीन यांनी तरुण सहकारी जॉर्डन पूल यांना ठोसा मारला आणि त्याचे चित्रण साऱ्या जगाने पाहिले. सत्तावीस वर्षांपूर्वी ठोसा खाल्लेला खेळाडू आता प्रशिक्षकाच्या खुर्चीत होता. ग्रीन यांना दंड झाला, काही दिवस ते संघापासून दूर राहिले आणि परतले. पण १९९५ सारखे यावेळी झाले नाही. दोघांतला विश्वास परत आला नाही, संपूर्ण हंगामावर सावट राहिले आणि २०२३ साली पूल यांना दुसऱ्या संघात जावे लागले. तडा सांधला गेला नाही, हे कर यांनीही झाकून ठेवले नाही. एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. ठोसा खाऊन क्षमा करणे एका माणसाच्या हाती असते. दोघांत सलोखा घडवून आणणे नेत्याच्या हाती पूर्णपणे कधीच नसते.

संघापलीकडचा माणूस

२४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील उवाल्डे गावच्या शाळेत एका बंदूकधाऱ्याने १९ मुले आणि दोन शिक्षिका यांची हत्या केली. त्या संध्याकाळी डॅलसमध्ये महत्त्वाचा सामना होता. नेहमीच्या वार्ताहर बैठकीत कर यांनी बास्केटबॉलविषयी बोलण्यास नकार दिला. बंदूक विकताना खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासण्याचा कायदा सेनेटमध्ये अडून बसला आहे, यावर त्यांनी संतापाने हात आपटत प्रश्न केले आणि ते उठून गेले. त्यांची मते सर्वांना मान्य झाली असे नाही. खेळाडूने राजकारणात बोलावे का, हा वादही झाला. परंतु त्या रागामागे बैरूतच्या कचेरीबाहेर कोसळलेले पितृछत्र होते, हे विसरून चालणार नाही.

२०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या संघाची धुरा कर यांच्याकडे होती. आदल्या वर्षी मनिला येथील जागतिक स्पर्धेत त्यांचाच संघ चौथा आला होता. पॅरिसला मात्र बारा जण असे निवडले गेले की, प्रत्येकजण आपापल्या गावचा राजा. मैदानात तर पाचच उतरणार. सर्बियाविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत जेसन टेटम या आघाडीच्या खेळाडूला एक क्षणही खेळायला मिळाले नाही. टीकेचा भडिमार झाला. पहिल्या सामन्यानंतरच कर यांनी जाहीरपणे मान्य केले की, अशा खेळाडूला बसवून ठेवणे आपल्यालाच विचित्र वाटते. बाकावर बसणे म्हणजे काय, हे ठाऊक असलेल्याला दुसऱ्याला बसवताना वेदना होणारच. उपान्त्य सामन्यात सतरा गुणांनी मागे पडलेला संघ ९५-९१ असा जिंकला आणि १० ऑगस्ट रोजी यजमान फ्रान्सला ९८-८७ असे नमवून त्याने सुवर्ण मिळवले.

ऑलिंपिकमध्ये पदक खेळाडूंच्याच गळ्यात पडते. प्रशिक्षकाला पदक मिळत नाही. बारा जणांच्या गळ्यात सुवर्ण चमकत असताना त्यांना घडवणारा मनुष्य रिकाम्या गळ्याने बाजूला उभा असतो.

श्रोतेहो, या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. पण एक गोष्ट आपल्या घरात आणि कार्यात लगेच आणता येईल. आपल्याभोवतीचा बाकावरचा माणूस कोण आहे, हे पाहावे. बैठकीची सतरंजी घालणारा, वर्गणीचा हिशेब लिहिणारा, सभेच्या दिवशी चपलांपाशी उभा राहणारा. घरातही असते असे कोणी. सर्वांना वाढून झाल्यावर जेवायला बसणारे. त्याला विचारावे की, तुला काय दिसते? इतरांचे लक्ष चेंडूवर असताना तो सारे मैदान पाहत असतो. निक यूरेन हे नाव जगाला कळले, कारण एका प्रशिक्षकाने त्याला बोलू दिले आणि नंतर त्याचे नाव सांगितले. असे ऐकणारे आणि असे नाव सांगणारे जितके वाढतील, तितके आपले संघ बळकट होतील.